ओटीतली थंडी आणि डिकीतला ब्लोअर

मी फिरती भूलतज्ज्ञ आहे. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी कोथरूडला हर्निया, दुपारी सिंहगड रोडला सीझर, संध्याकाळी हडपसरला कुणाचा तरी मोडलेला हात, असा दिवस जातो. दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये काय असेल आणि जे असेल त्यातलं काय चालू असेल याचा नेम नसतो, म्हणून बरंचसं सामान माझ्याच गाडीच्या डिकीत असतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यात एका पेटीची भर पडली: पेशंटला ऊब देणारा गरम हवेचा ब्लोअर. पदरमोड करून घेतला, भरपूर वापरला, त्याच्यावर चिडलेही. माझ्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांना आणि "हे आणखी कशाला?" असं विचारणाऱ्या नर्सिंग होमच्या मालकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देणार नाही. पुढे तक्रारी आहेत, डीलर ओळखीतला आहे आणि पुण्यातलं वैद्यकीय वर्तुळ किती लहान आहे ते वेगळं सांगायला नको.

यंत्र आपल्याकडचंच, भारतीय बनावटीचं. पेटीत एक हीटर, एक पंखा आणि हवा गाळणारा फिल्टर. वर हँडल, मागे खाटेच्या दांडीला अडकवायचा हूक, पुढे लांब लवचीक नळी. नळीचं टोक एका पातळ, दोन पदरी ब्लँकेटच्या तोंडात बसवायचं. हवा भरली की ब्लँकेट फुगतं आणि त्याच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून गरम हवा पेशंटच्या अंगावर येत राहते. तापमानाची तीन बटणं: ३२, ३८ आणि ४३. एकट्या बाईला एका हाताने उचलून जिना चढता येतं, हे कंपनीच्या माहितीपत्रकात नाही पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं. बऱ्याच नर्सिंग होमची ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट पेशंटसाठी राखीव. किंमत पाऊण लाखाच्या आत-बाहेर, घासाघीस किती करता त्यावर.

आता हे हवंच कशाला. पेशंट एसीमुळे थंड पडतो असं बहुतेकांना वाटतं. एसीचा वाटा आहे, पण पहिल्या तासातली मोठी गुन्हेगार मीच असते, म्हणजे माझी भूल. जागेपणी शरीर आतल्या अवयवांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास काटेकोर सांभाळतं. काही दशांश अंश इकडेतिकडे झाले की हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, नाहीतर घाम सुटतो. भूल दिली की मेंदूचं हे नियंत्रण ढिलं पडतं, दोन ते चार अंशांची ढील मिळते. रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतल्या खोलीचं दार उघडल्यावर ऊब ओसरीवर निघून जावी तशी छाती-पोटातली उष्णता हातापायांकडे पसरते. शरीरातली एकूण उष्णता जवळपास तेवढीच, पण गाभ्याचं तापमान पहिल्याच तासात एक ते दीड अंशाने उतरलेलं असतं. त्यानंतर उघडं पोट, गार सलाईन, बीटाडिनने पुसलेली ओली कातडी आणि एसी आपापला हात धुऊन घेतात. ३६ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणायचं. बर्फात अडकायची गरज नाही, डेक्कनवर अपेंडिक्स काढतानाही होतो.

त्याने बिघडतं काय? प्लेटलेट्स आळसावतात, रक्त जास्त जातं. औषधं लवकर उतरत नाहीत. स्नायू सैल करायला आम्ही देतो त्या व्हेक्युरोनियमचा अंमल शरीर दोन अंशांनी गार पडलं तर दुपटीहून जास्त वेळ राहतो. म्हणजे ऑपरेशन संपलं, सर्जन चहा पिऊन घरी गेले, आणि मी पेशंटच्या उशाशी त्याच्या श्वासाची वाट बघत उभी. जखमेला होणाऱ्या रक्तपुरवठ्याचाही प्रश्न आहे. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर झालेला अभ्यास आम्ही सगळ्यांनी परीक्षेला पाठ केला होता: गार राहिलेल्यांमध्ये जखम चिघळण्याचं प्रमाण १९ टक्के, उबदार ठेवलेल्यांमध्ये ६ टक्के.

डीलर लोक हा आकडा सांगतात आणि तिथेच थांबतात. मी पुढचाही सांगते. २०२२ मध्ये एक फार मोठा अभ्यास आला, पाच हजारांहून जास्त पेशंट, बहुतेक चीनमधल्या हॉस्पिटलांतले आणि काही अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे. एका गटाला ३७ अंशांवर ठेवलं, दुसऱ्याला ३५.५ वर. हृदयाला होणाऱ्या इजेत आणि मृत्यूंत फरक दिसला नाही. म्हणून "३६.९ झालं, आता ३७ करा" असा अट्टहास मी करत नाही. पण तो अभ्यास ३५.५ पाशी थांबतो. आपल्याकडच्या ओटीत, जिथे कुणी तापमान मोजतच नाही, तिथे पेशंट ३४.८ वर गेलाय की ३५.८ वर हे कोण सांगणार?

त्यामुळे माझी पहिली शिफारस ब्लोअरची नाहीच, पेशंटचं तापमान मोजणाऱ्या प्रोबची आहे. मॉनिटरच्या मागे तापमानाचं भोक असतं, त्यावर धूळ असते आणि प्रोब कपाटात असतो, किंवा "होता मॅडम, पूर्वी" असतो. नाकातून मागे सरकवायचा साधा प्रोब घ्या. करोनाच्या काळात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर रोखायचे ती पिस्तुलं कृपा करून ओटीत आणू नका. घाम आणि एसी असताना ती काहीही दाखवतात. ब्लोअर घेतला आणि मोजत नाही, तर आपण फक्त वीज जाळतो आहोत.

एसीचं राजकारण हा स्वतंत्र विषय आहे. सर्जनला १८ लागतो. अंगात गाऊन, वर दोन-दोन ग्लव्ह्ज, हाडाचे असतील तर आत शिशाचा एप्रन, डोक्यावर दिवा. त्यांचं चूक नाही, माणूस घामाने निथळतो. पण टेबलावरचा माणूस निम्मा उघडा आणि हालचाल शून्य. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पेशंट उघडा असेपर्यंत खोली किमान २१ अंश ठेवा, एकदा झाकून ऊब द्यायला सुरुवात केली की मग सर्जनच्या सोयीने कमी करा. तोडगा व्यवहारी आहे. कर्वे रोडजवळच्या एका नर्सिंग होममध्ये सिस्टरांनी तो एसीच्या रिमोटवर चिकटवून टाकला आहे, स्वच्छ वळणदार अक्षरात: "पेशंट झाकेपर्यंत २१. खाली आणणाऱ्याने स्वतःचा शर्ट पेशंटला द्यावा." आजवर कुणी दिलेला नाही, पण रिमोटही कुणी हलवत नाही.

ब्लोअर येण्याआधी आम्ही काय करायचो? लाल ब्लँकेट, त्यावर आणखी एक लाल ब्लँकेट. मावशी कुठून तरी तिसरं आणायच्या. पेशंट कुडकुडत असला तरी ब्लँकेट नुसती उष्णता अडवतात, देत नाहीत, आणि ज्याच्याजवळ अडवण्याजोगीच उरली नाही त्याला चौथ्याचा काय उपयोग? याहून वाईट म्हणजे गरम पाण्यात ठेवलेली सलाईनची बाटली काखेत किंवा पायांशी ठेवायची पद्धत. ग्लव्हमध्ये गरम पाणी भरूनही ठेवतात. भुलेतला पेशंट "चटका बसला" म्हणत नाही. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातली भूल, दिलेल्याला तर कमरेखाली कळतच नाही. दुसऱ्या दिवशी पोटरीवर फोड दिसतो आणि मग नातेवाइकांना उत्तरं देत बसा. हे ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांनी ब्लोअर घेवो न घेवो, बाटल्या आजच बंद कराव्यात.

माझ्या यंत्राची खरी परीक्षा एका पीसीएनएलच्या वेळी झाली. पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने मूतखडा फोडायचा आणि तुकडे वाहून यावेत म्हणून सलाईन सतत सोडत राहायचं. तीन-तीन लिटरच्या पिशव्या एकामागून एक. पेशंट साताऱ्याकडचे आजोबा, काटक, अंगावर चरबी म्हणून नाही. सर्जनचा हात चांगला, पण खडा हट्टी, वेळ लांबत गेला. आजोबा पालथे, खालची चादर चिंब. सलाईन गरम करायची सोय तिथे नव्हती. पालथ्या पेशंटला माझं ब्लँकेट खांद्यांवर जेमतेम बसलं, आणि संपता संपता प्रोबवर ३५.१.

रिकव्हरीत डोळे उघडले आणि आजोबा नखशिखान्त थरथरू लागले. खाटेचं रेलिंग वाजत होतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची रेघ मॉनिटरवर गिचमीड झाली, बीपीचा पट्टा फुगायचा, सुटायचा, पुन्हा फुगायचा, आकडा काही यायचा नाही. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बीपीच येत नाहीये." येणार कसं, दंडच स्थिर नाही. हे थरथरणं बघायला नुसतं केविलवाणं वाटतं, पण त्यात शरीराची ऑक्सिजनची गरज किती तरी वाढते. हृदयाचा आजार असलेल्याला ते झेपत नाही, टाके ओढले जातात आणि दुखतं ते वेगळंच.

आधी ओली चादर काढली, अंग कोरडं पुसलं. हे न करता वरून कितीही गरम हवा सोडली तरी अर्धी मेहनत पाणी वाळवण्यात जाते. मग पूर्ण अंगाचं ब्लँकेट घालून ४३ चं बटण. थरथर दबावी म्हणून शिरेतून थोडं ट्रॅमाडॉल, अगदी सावकाश. काही मिनिटांत रेलिंगचा आवाज थांबला, बीपी आलं. आजोबांनी मान वळवून पेटीकडे पाहिलं.

"बाई, खाली शेगडी ठिवली का काय?"

"हो आजोबा. बरं वाटतंय ना?"

"लय. जरा पायाकडं बी सोडा की."

इथे एक गोष्ट तरुण सिस्टरांना मी हटकून दाखवते. थरथर थांबली म्हणजे पेशंट गरम झाला असं नाही. कातडीला ऊब लागली की मेंदू थरथर आवरती घेतो, ट्रॅमाडॉलनेही ती दबते. गाभा तेव्हा अजून थंडच असतो. आजोबा गप्प पडल्यावर जिभेखाली थर्मामीटर धरला तर ३५.३ होतं. ३६ व्हायला तासाहून जास्त लागला आणि तोवर मी त्यांना वॉर्डात पाठवू दिलं नाही. वॉर्डबॉय दोनदा ट्रॉली घेऊन आला नि परत गेला. कारण सरळ आहे: थंड पडलेल्या पेशंटच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या शुद्धीवर येताच पुन्हा आवळतात, आणि बाहेरून दिलेली उष्णता आत पोचायची वाटच अरुंद होते. त्यामुळे ऑपरेशननंतर ब्लोअर लावणं म्हणजे निम्मं वरातीमागून घोडं. लावायचंच, पण त्याच्यावर विसंबायचं नाही.

हे यंत्र खरं वसूल होतं ते भूल द्यायच्या आधी. आधीच्या खोलीत पेशंट बसलेला असतो तेव्हाच ब्लँकेट घालून वीस मिनिटं, अर्धा तास हातपाय उबदार करून ठेवायचे. ओसरीच गरम असेल तर दार उघडल्यावर आतली ऊब बाहेर पडायचं फारसं कारण राहत नाही. जर्मनीतल्या एका अभ्यासात, २०१२ चा, तासा-दीड तासापर्यंतच्या ऑपरेशनांत आधी ऊब न दिलेल्यांपैकी ६९ टक्के पेशंट ३६ च्या खाली गेले. फक्त दहा मिनिटं ऊब दिलेल्यांत १३ टक्के, वीस मिनिटांत ७, तीस मिनिटांत ६. दहा मिनिटं! आमच्याकडे तेवढा वेळ तर फॉर्मवर सही कुठे करायची ते शोधण्यात जातो.

वेळ कुठून आणायचा, असं मालक विचारतात. पुण्यात? सर्जन सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात, "निघालोय, पाच मिनिटांत" हा फोन कर्वेनगरहून असतो की घरूनच, हे त्यांनाच ठाऊक. पूर्वी या वेळात पेशंट पातळ गाऊनमध्ये स्टीलच्या स्टुलावर बसून पाय हलवत असायचा. आता मी आल्याबरोबर आधी पेटी लावते. पेशंट घाबरलेले असतात, बरेच जण रात्रभर झोपलेले नसतात. अंगावर गरम हवा आली की खांदे खाली येतात, आणि फुगलेल्या शिरेत सुई एका झटक्यात जाते. डिसेंबरात, पाषाण-बाणेरकडे सकाळी दहा अंश असतात तेव्हा सात वाजता आलेल्या पेशंटच्या हातावर शीर सापडणं ही शिक्षा असते. या एका सुखासाठीसुद्धा मी पेटी उचलून जिने चढेन. घाम येऊ लागला तर ४३ वरून ३८ वर आणायचं. घामाने ओला झालेला पेशंट आत नेला तर सगळं मुसळ केरात.

सीझरला मात्र माझं मत जरा हातचं राखून आहे. स्पायनलमध्ये कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, उष्णता पायांकडे जाते, आणि पाय मेंदूला गरम वाटतात म्हणून बाईला थंडी वाजल्याचं नीटसं कळतही नाही. दात वाजतात, पण "थंडी नाही वाजत हो डॉक्टर, आपोआपच होतंय" म्हणतात. सगळी थरथर थंडीची नसतेही. ब्लँकेट छातीवर आणि हातांवरच बसतं, ऑपरेशन पाऊण तासात आटोपतं, फार फरक पडायला वेळच नसतो. तिथे सलाईन कोमट असणं जास्त उपयोगी. खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाचं सरासरी तापमान पाव अंशाने उतरवतं, आणि सीझरला एक लिटर कधी जातं कळतही नाही. बाळ आईच्या छातीवर ठेवल्यावर मात्र ब्लोअर ३८ वर चालू असला की दोघांनाही बरं पडतं. आवाजाने एका बाळाला गाढ झोप लागली. आईला नाही.

आवाजावरून तक्रारींकडे येते. आवाज मोठा आहे. पूर्ण भुलेतल्या पेशंटला काय त्याचं, पण स्पायनलमध्ये जागा असलेला माणूस तासभर ती घरघर ऐकून कावतो. त्या घरघरीत मला मॉनिटरची टिकटिक ऐकू येत नाही, आणि ती टिकटिक म्हणजे माझे कान. मी आता पेटी खाटेच्या पायथ्याशी, डोक्यापासून शक्य तेवढी लांब टांगते. नळी पुरते, वायर पुरत नाही. वायर आणखी हातभर लांब द्यायला कंपनीचं काय जात होतं? एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर आणि शेजारी पीसीएनएलचं पाणी, हे मला परवडणारं नाही, म्हणून सॉकेट बघून खाट फिरवावी लागते.

नळी पेटीला जिथे जोडते तिथली प्लॅस्टिकची क्लिप सैल पडली आहे. मायक्रोपोअर गुंडाळून चालवते. एवढ्या किमतीच्या यंत्राला चिकटपट्टी लावायची वेळ यावी याचा राग येतो. डीलरने "नवीन लॉटमध्ये सुधारलंय मॅडम" असं सांगितलं, म्हणजे जुन्या लॉटवाल्यांनी काय करायचं ते सांगितलं नाही.

तिसरी तक्रार गंभीर आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, सगळं पूर्ववत. यंत्र मात्र लाइट आल्यावर आपणहून चालू होत नाही, स्टँडबायवर जातं. एकदम ४३ वर सुरू होऊ नये म्हणून असेल, ते समजतं. पण मग बोंब तरी मारावी! एक बारीक केशरी दिवा लागतो, बस्स. ऑपरेशनच्या वेळी अंगावर घालतात त्या हिरव्या चादरीखाली, म्हणजे ड्रेपखाली, ब्लँकेट सपाट झालेलं कुणाला दिसणार? मला कळलं ते प्रोबवरचा आकडा हळूहळू घसरायला लागला म्हणून. शिवाय छोट्या इन्व्हर्टरवर हे चालत नाही, हीटर आहे, भार खातो. जनरेटर नसलेल्या ठिकाणी हे लक्षात ठेवा.

पडद्यावरचा आकडा नळीच्या टोकाचा असतो, पेशंटच्या अंगापाशी किती ते नव्हे. माझा सुटा प्रोब ब्लँकेटखाली ठेवून पाहिलं: नळीच्या बाजूला जवळपास तेवढंच, दूरच्या कोपऱ्यात बरंच कमी. यात फसवणूक काही नाही, हवा जाताजाता निवणारच. पण म्हणून नळीची बाजू नाजूक कातडीवर, मधुमेह्याच्या पायावर येऊ देऊ नका.

आणि नळी ब्लँकेटशिवाय नुसती चादरीखाली सरकवायची, हे तर अजिबात नाही. ब्लँकेट महाग म्हणून ही युक्ती सगळ्यांना सुचते. एकाच जागी सगळी गरम हवा येते आणि पेशंट भाजतो. याची सूचना यंत्रावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. मी वर मराठी पट्टी लावली: "नुसती नळी पांघरुणात घालू नये. भाजतं." ओटीतल्या मामांनी वाचली, मान डोलावली, तेव्हापासून कुणी घातली नाही. पायाला टूर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, बांधलेला असेल किंवा रक्तपुरवठाच कमी असेल तर त्या पायावर गरम हवा नको, हेही त्याच पट्टीवर लिहायला हवं, जागा उरली नाही.

ब्लँकेट हा खरा खर्च. यंत्र एकदाच घ्यायचं, ब्लँकेट दर पेशंटला नवं, सातशे-आठशेच्या घरात. डीलर कानात सांगतो, "चार-पाच पेशंटना आरामात चालतं." त्यावर एकदाच वापरा असं छापलेलं आहे आणि पुसून ते निर्जंतुक होत नाही, आत हवा फिरते. मी चालवत नाही. काटकसर करायची तर अशी करा की एकाच पेशंटला तेच ब्लँकेट आधीच्या खोलीत, टेबलावर आणि रिकव्हरीत, तिन्हीकडे न्या; वरच्या अंगाचं घेतलं तर बहुतेक ठिकाणी जमतं. मालकांचा प्रश्न असतो, "बिलात कुठे दाखवू? विम्याचे टीपीएवाले कापतात." कापतात खरे. मी एवढंच म्हणते की दोन तासांनी वॉर्डात जाणारा पेशंट तासाभरात गेला तर सिस्टर मोकळ्या होतात, त्याचाही हिशेब धरा.

एका हाडाच्या डॉक्टरांनी मला व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड पाठवला होता, "ब्लोअरने जंतू उडतात, सांधेरोपणाला वापरू नका." ही भानगड जुनी आहे. गरम हवेचं हे तंत्र १९८० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या स्कॉट ऑगस्टीन या भूलतज्ज्ञाने बाजारात आणलं, बेअर हगर या नावाने. पुढे ते त्या कंपनीतून बाहेर पडले, हवेशिवाय ऊब देणारं वेगळं उपकरण काढलं आणि आपल्याच जुन्या शोधाविरुद्ध बोलू लागले. अमेरिकेत हजारो दावे दाखल झाले. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या एफडीएने ऑगस्ट २०१७ मध्ये डॉक्टरांना पत्र काढून सांगितलं की गरम हवेच्या यंत्रांचा आणि जखमेच्या संसर्गाचा ठाम संबंध दिसलेला नाही, गरज असेल तिथे वापर चालू ठेवा. मी त्या डॉक्टरांशी तडजोड केली आहे: ड्रेप पूर्ण लागेपर्यंत आत पंखा बंद, फिल्टर वेळच्या वेळी बदललेला, आणि आधीच्या खोलीत मनसोक्त ऊब. ते खूश, मीही.

ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी काय घ्यावं? सलाईन कोमट ठेवणारं छोटं कपाट किंवा नळीतच गरम करणारा वॉर्मर. दुर्बिणीच्या किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनांचं काम जास्त असेल तर हेच आधी घ्या, ब्लोअर नंतर. मायक्रोवेव्हमध्ये सलाईन तापवू नका, कुठे कोमट आणि कुठे उकळतं ते बाहेरून कळत नाही. चमचमणारे फॉइलचे कागद स्वस्त असतात, अडवण्यापुरते ठीक. आणि पेशंटच्या घरच्यांना सांगा की लोकरी टोपी आणि मोजे ओटीच्या दारापर्यंत राहू द्या. आपल्याकडे ऑपरेशनला जाताना अंगावरचं सगळं काढायची एवढी घाई असते की सुनेने प्रेमाने घातलेले मोजे सकाळी सहालाच पिशवीत जातात आणि ऑपरेशन असतं अकराला.

एकूण काय, घ्या. पाचपैकी साडेतीन तारे. वायर लांब केली आणि लाइट गेल्यावर ओरडायला शिकवलं तर चार. सर्व्हिसला माणूस भोसरीहून येतो, फोन उचलतो, आल्यावर बूट बाहेर काढून ओटीचे घालतो, हे मी मुद्दाम नोंदवते. फिल्टर बदलायची तारीख यंत्र स्वतः सांगत नाही, पेटीच्या मागे मार्करने लिहून ठेवा. ब्लँकेट सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतात, पण नळीचं तोंड जुळतं का ते आधी बघून घ्या, आपलं ब्लँकेट नमुन्याला बरोबर न्या. दिवाळीनंतर थंडी पडली की सगळ्यांना एकदम आठवण होते आणि पूर्ण अंगाचं ब्लँकेट कुठेच मिळत नाही. माझा स्टॉक मी नवरात्रातच भरून ठेवते.